उघड्या घागरीची वाट

फार जुन्या काळी, सात नगरांच्या मुलखात, डोंगराच्या पोटाशी एक नगर होतं. नगर म्हणायचं ते तिथल्या लोकांचा मान राखायला. एका टोकाला फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा, एवढाच त्याचा विस्तार. मुलखाच्या मोठ्या नकाशात त्याचं नाव लिहायला जागाच उरली नव्हती. नकाशा काढणाऱ्याने तिथे एक ठिपका दिला आणि तो जेवायला निघून गेला. तेव्हापासून बाकीच्या सहा नगरांतले लोक इथल्यांना 'ठिपकेवाले' म्हणत. ठिपकेवाल्यांना ते झोंबायचं, पण बोलणार काय? नकाशात ठिपकाच होता.

या नगराची एक नगरसभा होती, पाच जणांची. दर सोमवारी सकाळी नगराच्या विहिरीजवळच्या ओट्यावर ती भरायची. कुठली वाट दुरुस्त करायची, कुठली नवी काढायची, वर्षाच्या पैशांत काय बसतं आणि काय बसत नाही, हे तिथे ठरायचं. सभा लहान असली तरी तिची एक रीत होती, आणि तशी रीत साऱ्या मुलखात कुठे नव्हती.

रीत अशी. नवी वाट तयार झाली की नगराध्यक्षाने डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली मातीची घागर घ्यायची आणि ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. पाणी गळ्यापर्यंत शिल्लक राहिलं तर वाट पास. कमी झालं तर नापास, पुन्हा कामाला लागा. ज्या माणसांनी ही रीत घातली त्यांचं म्हणणं साधं होतं. डोंगरातल्या वाटेवरून रिकाम्या हाताने कोण चालतं? कुणाच्या डोक्यावर पाणी, कुणाच्या सरपण, कुणाच्या टोपलीत बाजाराचा माल. वाट त्यांची आहे, तर परीक्षाही त्यांच्यासारखीच हवी.

पण चांगल्या रीतीला लोक नटवायला लागतात. एका अध्यक्षाला मातीची घागर बरी दिसेना, त्याने तांब्याची आणली. पुढच्याने चांदीची घडवली. त्याच्या पुढच्याच्या अंगावर समारंभात पाणी सांडलं आणि नवा अंगरखा भिजला, म्हणून घागरीच्या तोंडावर आंब्याची पानं आणि घट्ट बसणारा नारळ आला. मग कुणीतरी म्हणालं, एवढी चांदी घेऊन अध्यक्षांनी डोंगर कशाला चढायचा? दहा पावलं चालले तरी पुरे. मग सनई आली, पेढे आले. खोटेपणा कुणीही केला नाही. प्रत्येकाने आपल्या परीने थोडी शोभा वाढवली, आणि शोभा वाढता वाढता परीक्षा कधी गळून पडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. गेल्या चाळीस वर्षांत त्या नगरात एकही वाट नापास झाली नव्हती, आणि याचा सगळ्यांना फार अभिमान होता.

आपल्या गोष्टीच्या वेळी नगराध्यक्ष होती चंद्राक्का. जातिवंत कासारीण. वीस वर्षं तिने डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन हा डोंगर तुडवला होता. नगराच्या वर, कड्याच्या माथ्यावर एक वाडी होती, बत्तीस घरांची. तिथे जायची जुनी वाट अशी वाईट की खालून चार डझन बांगड्या घेऊन निघावं तर वर तीन डझन पोचत. एकदा एका नवरीचा चुडाच वाटेत फुटला. त्या दिवशी चंद्राक्काने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, मी निवडणुकीला उभी राहते आणि ही वाट नीट करून दाखवते. जीभ तिखट, हिशेब चोख आणि मान कायम ताठ. लोकांनी तिला निवडून दिलं. टोपली तिने सुनेला दिली, पण डोक्यावर ठेवायची जुनी चुंबळ मात्र सभेच्या ओट्यामागच्या खुंटीला टांगून ठेवली. मी कोण आहे ते मला रोज दिसलं पाहिजे, असं ती म्हणायची.

तर एके वर्षी सात नगरांची मोठी सभा भरली. मुलखाची नवी योजना मांडली गेली. सातही नगरांना जोडणारी एकच लांब पायवाट काढायची, ज्याने त्याने आपापल्या हद्दीतला तुकडा बांधायचा आणि आपापल्या रीतीने तपासायचा. दसऱ्याच्या आत ज्याचा तुकडा सगळ्यांत आधी पास होईल, त्याच्याकडे मुलखाचा गुरुवारचा बाजार जाईल. बाजार म्हणजे सगळंच. तोपर्यंत तो खालच्या मोठ्या शहरात भरायचा, आणि वाडीतल्या माणसाला तिथे पोचून परतायला दोन दिवस लागायचे. मोठ्या शहराचे अध्यक्ष हसत म्हणाले की ठिपकेवाल्यांनी एवढी दगदग करू नये, ठिपक्यावर बाजार मावायचा नाही. सगळी सभा हसली. चंद्राक्का उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दसऱ्याला या. घागर बघायला सगळेच या."

परत आल्यावर तिने सभा बोलावली. सभेत खजिनदार होते. जुने धान्याचे व्यापारी, खर्चाला हात आखडता पण मनाचे सरळ. त्यांनी नकाशा पसरला, आपल्या हद्दीतल्या तुकड्यावर, म्हणजे विहिरीपासून वाडीच्या झऱ्यापर्यंत, दोरा ताणून धरला आणि म्हणाले की हा सर्वांत छोटा मार्ग, इतक्याच पैशांत बसतो आणि दसऱ्याच्या आत होतो. सभेचा पाथरवट, ज्याने उभं आयुष्य दगडात काढलं होतं, तो दोऱ्याकडे बघत राहिला. त्याचं म्हणणं पडलं की कड्याखालची घसरण अशी सरळ चढता येत नाही, तिथे चार वळणं हवीत, पायऱ्या हव्यात, पाणी काढून द्यायला दगडी मोऱ्या हव्यात. खजिनदारांनी दोरा वळवून मोजला. वळणं घेतली तर खर्च दीडपट आणि काम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

हात वर करायची वेळ आली. चंद्राक्काला ती घसरण पाठ होती. तिथेच तर तो चुडा फुटला होता. पण निवडून आल्यापासून तीन वर्षांत ती वर गेली नव्हती. अध्यक्षाला नकाशा असतो, पायपिटीची गरज नसते, असं तिलाही हळूहळू वाटायला लागलं होतं. शिवाय तिच्या कानात अजून ते हसू घुमत होतं. तिने हात वर केला. सरळ वाट मंजूर झाली.  सांगितली तशी वाट पाथरवटाने बांधली, आणि दसऱ्याला आठ दिवस असताना पुरी केली.

परीक्षेच्या दिवशी नगर नुसतं फुलून गेलं. सहा नगरांचे लोक आले. मोठ्या शहराचे अध्यक्ष आले. मुलखाच्या सभेचा साक्षी अधिकारी आला, आणि त्याच्याबरोबर तो नकाशा काढणाराही. विहिरीच्या चौकात सनई वाजत होती. चांदीची घागर चिंच लावून लखलखीत घासली होती, वर आंब्याची पानं, वर शेंडीचा नारळ. मागे डोंगरावर नवी वाट भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी सरळ उभी होती. बाकी कुणाचाच तुकडा अजून तयार नव्हता. पलीकडच्या नगराचं काम दोन दिवसांत संपणार होतं, म्हणजे आज पास झालं की बाजार ठिपकेवाल्यांचा.

चंद्राक्काने घागर उचलायला हात घातला, तेवढ्यात गर्दीतून वाडीची म्हातारी कुंभारीण पुढे आली. वाडीच्या लोकांना नव्या वाटेचा एवढा आनंद झाला होता की परीक्षेपर्यंतही त्यांना धीर धरवला नव्हता. म्हातारी सकाळीच त्या वाटेने गाडग्यांची टोपली घेऊन उतरली होती. तिचे दोन्ही गुडघे फुटले होते. टोपलीत वर एक घागर धड होती आणि तिच्याखाली सगळी खापरं. पण तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वाट चांगलीच असणार, आपलेच पाय म्हातारे झाले, अशी तिची समजूत होती. तिने चांदीच्या घागरीकडे कौतुकाने पाहिलं.

"बरं झालं आक्का, वर नारळ हाय," ती म्हणाली. "न्हाई तर त्या घसरणीला समदं सांडलं असतं."

चंद्राक्काचे हात घागरीवरच थांबले. तिने म्हातारीच्या गुडघ्यांकडे पाहिलं, टोपलीतल्या खापरांकडे पाहिलं, आणि मग नारळाकडे पाहिलं. वीस वर्षं डोक्यावर ओझं वाहिलेल्या बाईला घागरीवरचा नारळ कशासाठी असतो हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिला लाज वाटली. भर चौकात, सनईच्या सुरात, सगळे तिच्याकडे मोठ्या मानाने बघत असताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिचा चेहरा पाहून खजिनदार जवळ सरकले. त्यांनी तिच्या मनातलं ओळखलं होतं. हलक्या आवाजात त्यांनी समजावलं की आता दहा पावलं चालून टाक, बाजार पदरात पडू दे. बाजाराचा पैसा आला की वळणं नंतर घालता येतील. त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता, नगराचं भलंच त्यांच्या मनात होतं. म्हणून तर ते ऐकणं जास्त कठीण होतं. शंभर पावलांवर मोठ्या शहराचे अध्यक्ष उभे होते. दहा पावलं चालायची, आणि ते हसू कायमचं बंद होणार होतं.

"भाऊ, नंतर म्हणजे कधी?" चंद्राक्काने विचारलं. "अजून किती गुडघे फुटल्यावर?"

 चंद्राक्का ओट्यामागे गेली, खुंटीवरची चुंबळ काढून तिने डोक्यावर ठेवली. म्हातारीच्या टोपलीतली ती एकुलती एक धड घागर मागून घेतली, विहिरीवर काठोकाठ भरली आणि उघडीच डोक्यावर चढवली. सनईवाला गोंधळून थांबला. साक्षी अधिकाऱ्याला तिने सांगितलं की आमच्या नगराची खरी रीत ही आहे, मधल्या काळात आम्ही ती विसरलो होतो, आता बघा.

आणि ती चालायला लागली. वाट सरळ होती, त्यामुळे चौकातून तिचं पाऊल न् पाऊल दिसत होतं. लपायला एक वळण म्हणून नव्हतं. पहिला चढ तिने छान काढला. जुनी सवय, मान ताठ, पदर कमरेला खोचलेला. मग घसरण आली. एक पाय सटकला, पाणी डोळ्यांवर आलं. ती सावरली. दुसऱ्यांदा सटकला, पाणी पाठीवरून घरंगळलं. खाली कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा ती गुडघ्यावर आली, पण तिने घागर पडू दिली नाही. दोन्ही हातांनी धरून ती उठली, वाडीच्या झऱ्याला हात लावला आणि त्याच वाटेने परत फिरली. उतरताना आणखी सांडलं. चौकात पोचली तेव्हा ती नखशिखांत भिजली होती.

साक्षी अधिकाऱ्याने घागरीत हात घातला. पाणी लागेपर्यंत हात कोपरापर्यंत आत गेला. तो काही बोलायच्या आत चंद्राक्काच बोलली.

"वाट नापास. हिला मी हात वर करून मंजुरी दिली होती, तेव्हा चूक माझी. बाजार ज्याचा असेल त्याला द्या."

दोन दिवसांनी पलीकडच्या नगराने आपल्या तुकड्याला तोरण बांधलं, पेढे वाटले आणि वाट पास झाल्याचं जाहीर केलं. बाजार तिकडे गेला. ठिपकेवाल्यांनी मात्र आपल्या अध्यक्षांशी आठवडाभर धड बोलणं ठेवलं नाही. हातात आलेला घास हिने पाण्यात घातला, असं बायका विहिरीवर मुद्दाम तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. चंद्राक्काने उलट उत्तर दिलं नाही, आणि तिच्या जिभेचा लौकिक पाहता ही काही लहान गोष्ट नव्हती.

सोमवार उजाडला. सभा भरली. सगळे माना खाली घालून बसले होते. वळणं हवीत यावर आता वाद नव्हता, पण पैसे कुठून आणायचे? तेवढ्यात खजिनदार उठले, आत गेले, आणि चांदीची घागर आणून त्यांनी सभेच्या मध्यावर ठेवली. म्हणाले, मी रात्रभर नाही, गेला आठवडाभर विचार करतोय, हिच्याकडून नगराला आजवर एकाही वाटेचं खरं कळलेलं नाही. ही विकली तर चार वळणं, पायऱ्या आणि मोऱ्या सगळं बसतं. हिशेब मी मांडून आणलाय. त्यांनी कागद पुढे केला. ज्या माणसाने जन्मात कधी एक वीट जास्त मंजूर केली नव्हती, त्याने नगराची चांदी विकायचा ठराव स्वतः मांडला. पाचही हात वर झाले. चंद्राक्काच्या डोळ्यांत तिथे पहिल्यांदा पाणी आलं. परीक्षेच्या दिवशी आलं नव्हतं, ते आज आलं.

यावेळी नकाशावर दोरा कुणी ताणला नाही. पाचही सभासद डोक्यावर ओझं घेऊन घसरणीवर गेले. खजिनदारांनी ज्वारीची गोणी घेतली आणि पहिल्याच चढावर कबूल केलं की दोरा चढत नाही, माणूस चढतो. जिथे पाय आपोआप वळत होते तिथे पाथरवटाने चुन्याने खूण केली. त्या खुणांवर वळणं पडली. वाडीची माणसं दगड द्यायला आली, मग खालच्या नगरातलीही आली, आणि विहिरीवरच्या त्या बायकाही आल्या. उन्हाळा संपायच्या आत वाट पुरी झाली.

दुसऱ्या परीक्षेला सनई नव्हती, पाहुणे नव्हते. चंद्राक्काने उघडी मातीची घागर घेतली, विहिरीपासून झऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. कपाळ कोरडं, पदर कोरडा. वाडीच्या म्हातारीने घागरीत बोट घातलं. पहिलं पेर आत जाण्याआधीच बोटाला पाणी लागलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे नुसते त्या घागरीकडे बघत राहिले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ही आपणच वर नेऊन आणली.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या नगराची तोरण बांधलेली वाट ओढ्याबरोबर वाहून गेली. मोठ्या शहराच्या वाटेचे दोन तुकडे झाले. ठिपकेवाल्यांच्या वाटेवरचं पाणी मोऱ्यांतून शहाण्यासारखं निघून गेलं. पाऊस ओसरल्यावर नवल घडलं. ज्यांच्या डोक्यावर फुटणारा, सांडणारा माल होता, ते दूधवाले, कुंभार, तेली, कासार, सगळे लांबून का होईना, याच वाटेने यायला लागले. दमले की विहिरीच्या चौकात ओझं उतरवायचे. ओझं उतरलं की गिऱ्हाईक यायचं. दोन महिन्यांत गुरुवारचा बाजार तिथे आपोआप भरायला लागला. मुलखाच्या सभेला एवढंच करायचं राहिलं होतं की जे झालं ते ठरावात लिहायचं. त्याच ठरावात त्यांनी आणखी एक ओळ घातली. यापुढे सातही नगरांत कुठलीही वाट उघड्या घागरीशिवाय पास होणार नाही, आणि घागर अध्यक्षानेच उचलायची. मोठ्या शहराचे अध्यक्ष अंगाने भारी होते. ती ओळ ऐकून त्यांनी पहिल्यांदा आपल्या वाटांची चौकशी केली.

पुढच्या दसऱ्याला नकाशा काढणारा कागद, दौत घेऊन आला. चंद्राक्काने त्याला विचारलं की गेल्या खेपेला जागा नव्हती, आता कुठून आली? तो म्हणाला की वाट वळणांची झाली, रेघ लांबली, तिच्या कडेने नाव बसतं. नगराचं नाव त्याने ठसठशीत लिहिलं. मग वाटेचं नाव काय लिहू म्हणून विचारलं. लोक चंद्राक्काचं नाव सुचवायला लागले. तिने नकारार्थी मान हलवली आणि सांगितलं, "उघड्या घागरीची वाट, असं लिहा." तो ठिपका मात्र तिने त्याला पुसू दिला नाही. आम्ही कुठून निघालो ते दिसू दे, म्हणाली. आता त्या नगरात कुणी 'ठिपकेवाले' म्हणालं तर लोक छाती पुढे काढून 'हो' म्हणतात.

त्या दसऱ्याला नाव लिहून होतंय तोच वरून वाडीची म्हातारी उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत एकवीस गाडगी, आणि एकाचाही काठ उडालेला नाही. तिने टोपली चौकात उतरवली आणि ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चांदीच्या घागरीवरचा तो नारळ तिथे वर्षभर तसाच पडून होता.

"आक्का, आता त्याचं काय काम?" ती म्हणाली. "फोडा आन् वाटा समद्यास्नी."

चंद्राक्काने नारळ वाटेच्या पहिल्या पायरीवर फोडला. नारळ जुना होता, पण खोबरं गोड निघालं, आणि ते सगळ्यांना पुरलं.

तात्पर्य: ज्या परीक्षेत नापास होताच येत नाही, ती पास झाल्याचा अभिमान पोकळ असतो. आपली घागर उघडी ठेवून जो चार लोकांत चालतो, आणि सांडलं तर सांडलं म्हणतो, त्याचीच मान खऱ्या अर्थाने ताठ राहते.